दोन पाट्या

“ही पहिली पाटी,” असं म्हणून आईंनी थोरल्या जावयांचा टॅबलेट बाबांच्या हातात दिला. दुसरी पाटी, म्हणजे धाकट्या जावयांचा टॅबलेट, त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवली. टॅबलेट म्हटलं की त्यांना रक्तदाबाची गोळी आठवायची, म्हणून त्या पाटीच म्हणत.

दोघे जावई हौसेनं बाबांसाठी आपापल्या आवडत्या कंपनीची पाटी घेऊन आले होते. एक ठेवायची, एक संध्याकाळी दुकानात परत जायची. थोरल्यांचा फोन, घड्याळ, सगळं एकाच कंपनीचं. तिच्याबद्दल बोलताना ते ‘आम्ही’ म्हणत, जणू कारखाना वडिलोपार्जित होता. धाकटे दातांचे डॉक्टर. कीड शोधणं अंगवळणी पडलेलं. थोरल्यांच्या पाटीवरचे रंग त्यांना भडक वाटत, स्वतःच्या पाटीवरचे तेच रंग जिवंत.

बाबांना रंगांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला आणि वर्षापूर्वी डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या मधोमध धुकं बसलं. वर्तमानपत्र आई वाचून दाखवायच्या, पण ऐकून काही शुद्धलेखन कळत नाही. आजही अक्षर दिसलं नाही तर पुन्हा वाचनाचा विषय काढायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आईंनी दोन बोटांनी बातमीचा मथळा ताणला. काळ्यावर पांढरं, पाटीभर एकच शब्द. बाबांनी मान तिरकी केली, पाटी डोळ्याच्या कोपऱ्याशी नेली. मागे जावयांची बॅटरीवरून जुंपली होती.

“दुसरी,” बाबा ओरडले. “दुसरी हवी!”

धाकटे आनंदानं उडालेच. जाणत्याला एक नजर पुरते, हे त्यांनी थोरल्यांना दोनदा ऐकवलं. थोरल्यांचा चेहरा पडला. दुसरी तर अजून हातातही घेतली नाही, हा सरळसरळ लाडक्या जावयाचा पक्षपात आहे, असं ते म्हणाले आणि आपल्या पाटीचं खोकं शोधू लागले.

“अहो, ‘री’ला,” बाबा म्हणाले. “‘परिक्षा’ लिहिलंय इथे. ‘र’ला पहिली वेलांटी दिलीय लेकाच्यांनी. दुसरी हवी.”

आईंचा हात तोंडाशी गेला. “तुम्हाला दिसली?”

“दिसली ना. ढळढळीत चूक आहे.” आणि बाबा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

थोरल्यांनी खोकं खाली टाकलं. म्हणजे दिसली ती आमच्या पाटीवर, याची सर्वांनी नोंद घ्यावी, असं त्यांनी बजावलं. एवढं मोठं अक्षर भिंतीवरही दिसेल, म्हणत धाकट्यांनी आपल्या पाटीवर तीच बातमी उघडून पुढे सारली. बाबांनी मान तिरकी केली आणि इथेही चूक आहे, असं आनंदानं जाहीर केलं. ती वर्तमानपत्राची, आमच्या कंपनीची नव्हे, असं धाकट्यांनी घाईघाईनं सांगितलं.

बाबा ऐकत नव्हते. त्यांचा हात टेबलावर काहीतरी चाचपत होता. डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्यांवर आई ज्यानं मोठी अक्षरं लिहीत, तो लाल मार्कर त्यांना सापडला. टोपण दातांनी ओढून त्यांनी हाताशी येईल ती पाटी जवळ घेतली आणि काचेवर ठसठशीत दुसरी वेलांटी काढली.

“अहो बाबा, काच!” दोघे जावई एकदम म्हणाले.

बाबांनी बोटानं बातमी वर सरकवली. वेलांटी काचेवर होती तिथेच राहिली, आणि बाबा मान तिरकी करून तिच्याखालून जाणाऱ्या ओळी तपासू लागले.