साळुंकी अकरा म्हणाली

"हे ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल," कॉफीचा पेला खाली ठेवत जुमात काकांनी जाहीर केलं, "पण रोस्लानची नोकरी एका साळुंकीने घालवली."

बेडोकच्या बाजारातल्या त्या टेबलावर काकांना कुणीच वेड्यात काढत नसे. काकांनी चाळीस वर्षं लॉरी चालवली होती आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या लॉरीने एकदा जोहोरची खाडी ओलांडली होती, ओहोटीला, टायर न भिजवता. त्यामानाने साळुंकी म्हणजे किरकोळ गोष्ट.

रोस्लान समोर बसला होता. मुलाखतीचा पांढरा सदरा अजून अंगावर होता, बायकोने पहाटे उठून इस्त्री केलेला. क्वेक साहेबांच्या गोदामात स्टोअरकीपरची जागा होती. साहेब काकांच्या जुन्या ओळखीचे. मी शब्द टाकतो, असं काकांनीच आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. जागा मिळाली नाही, जुनं प्रकरण त्यांना कळलंय, एवढंच रोस्लान आल्या आल्या बोलला होता.

जुनं प्रकरण टेबलाला ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी रोस्लानने एका बांधकामावरून तांब्याच्या तारेची बंडलं उचलली आणि दोन महिने आत बसला. बाहेर आल्यावर पाच वर्षं त्याने साधा सिग्नलही मोडला नाही. तेवढं निभावलं की नोंद बंद होते. सरकारी भाषेत ती 'खर्ची पडते'. मग कुणी विचारलं तर बेलाशक म्हणायचं, माझ्यावर गुन्हा नाही. कायदा ते खोटं धरत नाही. हे कळलं तेव्हा काका मनापासून हळहळले होते. आपण जन्मभर विनापरवाना खोटं बोललो, असं त्यांचं म्हणणं.

तर ही साळुंकी, काका सांगू लागले. रोज याच टेबलाखाली भाताची शितं वेचायची आणि कान देऊन सगळं ऐकायची. आज सकाळी ती थेट क्वेक साहेबांच्या कचेरीत पोचली. तिला पत्ता कसा सापडला, असं कॉफीवाल्या रोकियाने मध्येच विचारलं. काका म्हणाले, बसने गेली, ड्रायव्हरच्या खांद्यावर बसून. म्हातारी दिसली म्हणून त्याने तिकीटही मागितलं नाही. टेबल हसून हलू लागलं. साहेब सही करणार, पेन टेकलेलं, तेवढ्यात बाई खिडकीत बसल्या आणि त्यांनी घसा साफ केला.

"म्हणाली, 'साहेब, अकरा बंडलं. मोजून अकरा.'"

रोकियाने हसता हसता हातातला ट्रे खाली ठेवला. रोस्लानही हसला. मग त्याचं हसू तोंडावरच राहिलं.

"क्वेक साहेबही अकराच म्हणाले," तो हळू म्हणाला.

"मग मी काय सांगतोय? पाखरं खोटं बोलत नाहीत."

"कोर्टात नऊ होती, काका. पोलिसांना नऊच सापडली. बायकोलाही मी नऊच सांगितली."

हसणं एकेक करून थांबलं. एक खरीखुरी साळुंकी टेबलाच्या कडेला येऊन बसली. तिला कुणी हाकललं नाही. काकांनी पेला उचलून तोंडाला लावला. तो मघाशीच रिकामा झाला होता, तरी ते पीत राहिले.

रोस्लानने सदऱ्याच्या बाह्यांची बटणं सोडली आणि इस्त्री मोडणार नाही अशा बेताने बाह्या वर घेतल्या.

"दोन तुमच्या लॉरीत होती," तो म्हणाला. "ती मी साळुंकीलासुद्धा सांगितली नव्हती."