मंजूर वास

कढईतलं खोबरं छान बदामी झालं, तरी शेवंताबाईंनी गॅस बंद केला नाही.

“आई, जळतंय ते!” वैजू ओरडली.

“जळू दे. परवान्याच्या दिवशी जळलेलंच होतं.”

त्या दिवशी सासूबाई गेल्याचा फोन आला आणि कढईकडे लक्षच राहिलं नाही. सरकारी यंत्राने तोच मसाला हुंगून नमुना म्हणून कायम केला. आता वेगळ्या वासाचं पाकीट यंत्र विकूच देत नाही.

“मग नवा नमुना दे ना.”

“दहा वर्षांनी घेतात.”

मसाला कुटून झाला. यंत्राने हुंगला, हिरवा दिवा लागला.

जुन्या गिऱ्हाईक पेंडसेकाकूंनी पाकीट नाकाशी धरलं आणि परत ठेवलं. “सासूबाई होत्या तेव्हा काय मसाला व्हायचा तुमचा!”

काकू गेल्यावर शेवंताबाईंनी पुढचं खोबरं जाळायला घेतलं.