अख्खा शर्ट

“तू कॉलर धर गं. तुझा हात सरळ जातो. बाकीचं बाकीच्या बघतील.”

शिवणबाईंचा हा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिचे पाय मशीनच्या पायडलला पुरतही नव्हते. आता पुरत होते. उद्या तेच पाय बालगृहाच्या फाटकाबाहेर पडणार होते. अठरा पूर्ण झाली की फाटक आपोआप उघडतं, आणि मागून आपोआप लागतंही. मधल्या सगळ्या वर्षांत तिनं कॉलर धरली ती धरलीच.

शिवणखोलीत कुणालाच नावानं हाक नव्हती. ही कॉलर, ती खिसा, पलीकडची काज. कापलेल्या कापडाचे गठ्ठे बाहेरून यायचे, पोरींच्या हातांखालून सरकत जायचे आणि दाराशी शर्ट होऊन पडायचे. बालगृहाच्या संचालकांना त्याचा फार अभिमान. एकेका पोरीला अख्खा शर्ट शिकवत बसलं तर माल कधी निघणार? बाजार थांबतो होय कुणाच्या भविष्यासाठी!

मशीनच्या खडखडाटात पोरी दबक्या आवाजात गायच्या,

“एकीची कॉलर, एकीचा खिसा,
अख्खा शर्ट बाई येईल कसा?”

बाईंच्या कानावर गेलं की टेबलावर लाकडी पट्टी आपटायची. मग दोरा तेवढा बोलायचा, बाकी सगळं गप्प.

बाईंची जीभ कात्रीची, पण हातात कात्री कुणी पाहिली नव्हती. शिकवायला शिवण आणि अंगावर दुकानातला तयार कपडा. सुट्टीत त्या कुठं जात नसत. जिन्यामागच्या खोलीत राहत. “हिला घरात घेणार कोण? चहा नासेल,” असं काज म्हणायची. कॉलरचं मत मात्र पक्कं होतं. बाई मुद्दाम शिकवत नाहीत. पोरी शहाण्या झाल्या तर हिला विचारील कोण?

आज सकाळी निरोपाचा समारंभ झाला. तिला भेट द्यायच्या नव्या मशीनला लाल फीत बांधली होती, जणू मशीनचंच लग्न. पाहुणे म्हणाले, “आज एक मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहिली.” हे त्यांनी खुर्चीत बसून सांगितलं. मग टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवायला प्रशिक्षण लागत नाही. कॉलरनं मान खाली घालून मशीनला हात लावला. फोटोत ते फार विनम्र दिसलं असणार.

तिच्या डोक्यात मात्र कोपऱ्यावरचा शिंपी बसला होता. मागच्या आठवड्यात त्यानं विचारलं होतं, “शर्ट येतो का?”

“येतो,” ती म्हणाली होती. इतकी वर्षं शर्टातच तर गेली होती.

“मग बालगृहातून सुटलीस की ये. कापड देतो. माझ्यासमोर काप, शीव, घडी घालून ठेव. जमलं तर काम तुझं, वरच्या खोलीची किल्लीही तुझी. नाही जमलं तर बाई, मी काही धर्मशाळा उघडलेली नाही.”

दुपारी पाहुणे गेले. अंगणात खुर्च्या एकमेकींत रचल्या जात होत्या. कॉलर जुनी चादर घेऊन शिवणखोलीत आली. बाई मशीनवरची लाल फीत सोडून तिची नीट गुंडाळी करत होत्या. पुढच्या वर्षीच्या पोरीला लागणार होती.

“बाई, मला कापायला शिकवा. एकच शर्ट. कोपऱ्यावरच्या शिंप्याला येतो म्हणून बसलेय, उद्या करून दाखवायचाय.”

“तुझ्यासारखी कॉलर अख्ख्या बाजारात नाही. ते सांग त्याला.”

“नुसती कॉलर गळ्यात घालून हिंडू का?”

“मग येतो म्हणून छाती पुढं काढायला कुणी सांगितलं होतं?”

“आणि काय सांगू? अठरा वर्षांची घोडी झाले आणि मला शर्टाचा गळा तेवढा येतो? हसेल तो. त्याच्या दुकानातलं कुत्रंसुद्धा हसेल.” तिचा आवाज चढला. “वरची खोली गेली तर मी झोपू कुठं? या मशीनवर?”

बाई फीत गुंडाळत राहिल्या. गुंडाळून झालेली फीत त्यांनी सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

त्या फितीनंच कॉलरचं डोकं फिरलं.

“तुम्ही धनावरच्या नागासारख्या बसलात या खोलीत. आम्हाला तुकडे टाकलेत तुकडे! अख्खं शिकवलं असतं तर काय झिजलं असतं तुमचं? दुसऱ्याच्या लेकरांना पांगळं करून स्वतःचं पोट भरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.”

पट्टी टेबलावरच पडून होती. बाईंनी ती उचलली नाही.

कॉलरनं चादर पसरली, खडू ठेवला, कात्री बाईंच्या हातात कोंबली. “कापा. मी नुसतं बघते. बघून शिकेन.”

बाईंनी कात्री चादरीवर टेकवली. उघडली, मिटली. दुसऱ्या कडेला नेली. तिथंही उघडली, मिटली. अनोळखी गावात उतरलेलं माणूस रस्त्याकडे बघतं, तशा त्या कापडाकडे बघत राहिल्या.

“कापा ना बाई! आज तरी!”

“कुठून कापू गं?”

कॉलरला वाटलं, ही नवी टाळाटाळ. ती तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी कात्री खाली ठेवली.

“मलाही असंच मशीन दिलं होतं. टाळ्या वाजल्या होत्या. फाटकाबाहेर गेले आणि महिन्याभरात उपाशी परत आले. तेव्हा संस्थेनं ही खुर्ची दिली, आणि कापता येत नाही हे मी कुणाला सांगितलं नाही. मी इथलीच पोरगी. या खोलीतली बाही.”