चहाला या

गोदावरीच्या पात्रात रुद्रेशचा ठिपका थांबला, तेव्हा वैजिनाथअप्पा खूश झाले.

"पोचला गं! नदीतून थेट गेवराईत ऐकू यायलाय," ते बायकोला म्हणाले. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, साखरेच्या पोत्यांना खेटून, त्यांचं हौशी रेडिओचं केंद्र होतं. गच्चीवर अँटेना, टेबलावर नकाशा दाखवणारा पडदा. ठिकाण कळवणारं यंत्र काठीला बांधून अप्पांनीच पोराला मोटरसायकलवर धाडलं होतं. पार पात्रात उतर, झाडं नसलेल्या जागी उभा ऱ्हा, बघू कुठवर पोचतंय. यंत्राला बोलता येत नसे. आपण कुठं आहोत ते घटकेघटकेला सांगायचं आणि लिहिलेला निरोप घ्यायचा-द्यायचा, एवढंच त्याचं काम.

बराच वेळ झाला तरी ठिपका हलेना.

वाळूचा उपसा रात्रीच होतो असा सरकारी समज आहे. आत्ता लख्ख दुपार होती. आणि काठीला डबा आणि तार बांधून पात्रात उभा असलेला तरणा माणूस लांबून कसा दिसत असेल, हे अप्पांना एकाएकी दिसलं. उपशाच्या मोजणीला आलेल्या सरकारी माणसासारखा.

त्यांनी फोन लावला. मोबाईलमधली बाई आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत तेच सांगत राहिली.

"निरोप धाडा की त्याच्यावर," उमाबाई म्हणाल्या.

अप्पांनी लिहिलं, घरी ये. लगेच पडद्यावर उमटलं, पोचलं. आईला कळावं म्हणून रुद्रेशनंच ते मराठीत करून ठेवलं होतं.

"बघा. उगं जिवाला घोर." उमाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "जेवलास का इचारा."

जेवलास का?

पोचलं.

"कुणासंगं हायस म्हणावं."

पोचलं.

उमाबाई पडद्याकडं बघत राहिल्या. "असं कावून बोलायलंय पोरगं?"

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पोरगं न्हाई बोलायलं. यंत्र बोलायलंय. निरोप गेला की ते आपलं आपण म्हणतं. समोर माणूस असो, नसो."

एवढ्यात ठिपका हलला. पात्रातून वर आला, हायवेला लागला. शेजारी वेगाचा आकडा उमटला, सत्तर. रुद्रेशची मोटरसायकल पन्नासच्या वर गेली की तिचं स्टँड आपोआप खाली येई. अप्पांनी आकड्यावर हात धरला. पण त्या गाडीवर मागं बसून उमाबाईही हिंडल्या होत्या.

"सत्तर?" त्या म्हणाल्या.

हौशी रेडिओवाल्यांची एक रीत आहे. आपलं घरही नकाशावर लावायचं आणि त्याच्याखाली दोन शब्द लिहायचे. कुणी हवामान लिहितं, कुणी स्वतःच्या पदव्या. अप्पांनी लिहिलं होतं, चहाला या. त्यांचं घर दिवसभर आजूबाजूच्या मुलखाला हे आमंत्रण देत असे, आणि मुलखातून आजवर कुणीही आलेलं नव्हतं. रुद्रेशच्या यंत्रावर ते घर बाणासकट दिसे. किती लांब, कोणत्या अंगाला.

ठिपका गेवराईत शिरला.

"तुमचं ते घर बंद करा आधी," उमाबाई म्हणाल्या.

"बंद केलं तर त्याला दिसायचं न्हाई."

"त्याला घर ठावं हाय की."

अप्पांचं बोट बटणावर थांबलं. मग उमाबाईंनीच हळू आवाजात विचारलं, "मग बाण बघतंय कोण?"

अप्पांनी बटण दाबलं. नकाशावरून घर गेलं.

ठिपका चौकात थांबला. डावीकडं थोडा गेला, परत आला. उजवीकडं गेला, परत आला. नव्या पाहुण्यानं करावं तसं. रुद्रेश त्याच चौकात गोट्या खेळून मोठा झाला होता.

अप्पांनी पोलिसांना लावायला म्हणून फोन उचलला. आकडे दाबले आणि हिरव्या बटणावर अंगठा तसाच राहिला. पोरगं कुठं आहे हे ज्यांना ठाऊक होतं, ते सगळे त्या चौकात उभे होते.

टेबलावरचा रेडिओ किणकिणला. रुद्रेशच्या नावानं निरोप आला होता. हा मात्र यंत्राचा नव्हता, इंग्रजी अक्षरांत कुणीतरी बोटानं टाइप केलेला होता.

काका, घर दिसना झालं. चहाला यायलोत.

"काय म्हणतोय?" उमाबाईंना ती अक्षरं लागत नसत.

अप्पांनी वाचून दाखवलं. 'काका'सुद्धा वाचलं. या घरात बापाला अप्पा म्हणत.

उमाबाई उठल्या आणि आत गेल्या. स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज आला. अप्पांनी फोन पोत्यावर पालथा ठेवला आणि बटण पुन्हा दाबलं. नकाशावर घर उगवलं, खालच्या दोन शब्दांसकट. त्यांनी लिहिलं, या.

पोचलं.

गल्लीच्या तोंडाला एका जड गाडीनं गिअर बदलला. दुकानातल्या बरण्या कडकडल्या. मोटरसायकलीचा आवाज कुठंच नव्हता.

आत कपबशा मांडल्याचा आवाज मधेच थांबला.

"आवो," उमाबाईंनी विचारलं, "रुद्रेशचा कप धरू का?"