भोंग्यासाठी सोडलेली जागा

“ते सगळं ठीक आहे हो, पण भूत कुठल्या खोलीत आहे?” लाल टोपीवाल्या पाहुण्यानं विचारलं.

“तुमच्यासमोर उभं आहे की,” वॉली म्हणाला. “तिकीट काढून बघताय.”

लोक हसले. वॉली हसला नाही. सारा उन्हाळा त्यानं हेच ऐकलं होतं. सुपीरियर सरोवराच्या काठावरचं हे जुनं दीपगृह, वरचं ते घडीव भिंग, बापानं जागून काढलेल्या रात्री, या सगळ्याशी कुणाला घेणंदेणं नव्हतं. लोकांना भूत हवं असायचं. नाहीतर दारातला फलक वाचून एकच प्रश्न, “म्हणजे राखणदार झोपला होता का?”

फलकावर तसं लिहिलेलं नव्हतं. ‘त्या सकाळी दाट धुक्यात दीपगृहाचा भोंगा वाजला नाही आणि हॅरिएट हे जहाज खडकावर आदळलं,’ एवढंच होतं. खलाशी बुडाले. राखणदार मात्ती हार्यू यांची नोकरी गेली. पुढं ते जंगलात लाकडं तोडत राहिले, आणि त्या सकाळबद्दल मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

वॉली त्यांचा मुलगा. तेव्हा सात वर्षांचा, आता सत्तरीपलीकडचा. बापाच्या नावावरचा हा डाग पुसायचा, एवढ्यासाठीच तो दर उन्हाळ्यात इथं पाहुण्यांना दीपगृह दाखवायला उभा राहायचा.

“भोंगा वाजत होता,” तो सांगायचा. “मी तापानं फणफणलो होतो, पण माझ्या... कानात होता तो.”

तो असा मधेच थांबायचा. पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा विसरला. मग त्यालाच उलगडून सांगावं लागायचं.

“धुकं उतरलं की मिनिटातून दोनदा भोंगा. फडताळातल्या बशा थरथरायच्या. बोलणारा थांबायचा आणि भोंगा सरला की तिथूनच पुढं... बोलायचा. भोंगा कधीच मोडीत गेला. जीभ मात्र अजून त्याच्यासाठी जागा सोडते.”

दीपगृह सांभाळणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षीणबाई डोरीन. त्यांच्यापुढं त्यानं किती वेळा डोकं आपटलं! आता तर लाकडी फलक काढून पितळी बसवायचा होता, त्याच वाक्यासकट.

“वॉली, अहो, सात वर्षांचं पोर, त्यात ताप. कसं धरायचं खरं?” डोरीन म्हणायच्या. “त्या घरातलं दुसरं कुणी आणा. मी माझ्या हातानं वाक्य खोडते.”

“त्या घरातलं आता कोण उरलंय? थांबा, तुमच्या त्या भुतालाच आणतो!”

हंगामातला शेवटचा रविवार होता. पाहुणे पांगले, तरी एक म्हातारी बाई जुन्या स्वयंपाकघरात भिंतीवर तळवा टेकून उभी होती.

“बंद करायचंय, बाई.”

“इथं आमची चूल होती,” ती म्हणाली. “आणि भिंतीपलीकडं तुम्ही.”

वॉलीच्या कपाळाला आठी पडली. दरसाल कुणीतरी उपटायचंच. कुणाचा पणजोबा इथं होता, कुणाची मावशी.

“आपण कोण?”

“सिग्ने. तुमच्या बाबांचे मदतनीस ओलाफ, त्यांची मुलगी.”

“वा! गेल्या साली पण एक आली होती ओलाफची मुलगी. ओलाफ जाडा की बारीक, तेही तिला ठाऊक नव्हतं. पुरावा काय?”

“अहो, पाच वर्षांच्या पोरीकडं कसला पुरावा?” बाई चिडली. “तुमची आई वेलदोड्याचा पाव भाजायची. आणि तुम्ही माझ्या बाहुलीला...”

“वेलदोड्याचा पाव इथं घरोघरी भाजतात! उगाच माझा वेळ...”

दोघंही थांबली.

एकाच क्षणी. शब्द अर्ध्यावर ठेवून. दोघांच्या माना किंचित खिडकीकडं वळल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, पाणी नुसतं चमकत होतं.

“...कोळशानं दाढी काढली होती,” ती म्हणाली.

“...घालवू नका,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. “सिग्ने! अगं, कुठं होतीस इतकी वर्षं?”

“तुझ्यावर रुसून बसले होते,” ती म्हणाली. “मेल्या, माझ्या बाहुलीला दाढी!”

डोरीनना फोन गेला. त्या आल्या, वही उघडून टेबलाशी बसल्या. गप्पांच्या भरात दोघं म्हातारी दोनदा एकदमच थांबली, एकदमच पुढं बोलली. डोरीन बघतच राहिल्या.

“मानलं,” त्या म्हणाल्या. “हे शिकवून येणारं नाही. या इथल्याच. सिग्नेबाई, हॅरिएट बुडाली ती सकाळ आठवते?”

वॉलीनं टेबलाची कड घट्ट धरली. कॉफी निवून गेली होती.

“न आठवायला काय झालं? बाबा गावात सामानाला गेले होते. घरात मी आणि आई. खिडकीला कापूस चिकटवावा तसं धुकं. दूर एक जहाज हंबरत होतं, वासरू चुकलेल्या गाईसारखं. सारखं, सारखं. मी भ्याले. मग आईनं मला मांडीवर घेऊन गाणं म्हटलं.”

“कुठलं गं?” वॉलीनं हळूच विचारलं. “ते होडीचं?”

“तेच रे! निळ्या लाटे, निळ्या लाटे, होडी माझी आण घरी.” सिग्नेच्या सुरकुत्या उजळल्या. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. “एरवी धुक्यात आईचं गाणं तुकड्यातुकड्यांनीच यायचं. एक ओळ, मग थांब, मग दुसरी. त्या सकाळी मात्र तिनं ते सबंध म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठंही न थांबता. इतकं गोड गाणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही, वॉली.”