मागची जागा

"कबर नाही म्हणता," फ्राउ हॉग म्हणाल्या. "मग तो बसायचा ती जागा तरी दाखवा."

आर्नो टीस्लरने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. बाई जर्मनीच्या दक्षिणेकडच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका खेड्यातून दोन दिवस गाड्या बदलत उत्तर समुद्राकाठच्या या हवाईतळावर आल्या होत्या, युद्धात गेलेल्या मुलाची बॅग न्यायला. बॅग मिळाली की उलट्या पावली जातील, असंच सगळे धरून चालले होते.

"टीस्लर, तू घेऊन जा यांना," शेवटी कॅप्टन म्हणाले. "पाच मिनिटं. मी काही पाहिलेलं नाही."

बाहेर एप्रिलचा वारा अंगाला झोंबत होता. बाई डोक्यावरचा रुमाल एका हाताने धरून चालत होत्या. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "तुम्ही वेंडेलिनचे मित्र का?"

हो म्हणता आलं असतं. कॅप्टनचीही तीच इच्छा होती.

"नाही, बाई. मी त्याला कधी पाहिलंच नाही. माझं अपेंडिक्स कापलं, मी इस्पितळात होतो. त्या दिवशी तो माझ्या जागी गेला."

बाई थांबल्या. त्यांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. आर्नोने ती घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी दिली नाही.

"टाके दुखतात का अजून?"

"थोडे."

"मग ओझी उचलायला कशाला जाता?" त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

हँगरमध्ये ब्रुन्स मेकॅनिक तेलकट हात पुसत पुढे आला. बाईंना बघून त्याने तोंडातली सिगारेट खिशात कोंबली. समोर एक युंकर्स बाँबर उभं होतं. वेंडेलिनला घेऊन समुद्रात बुडालेल्या विमानाचं जुळं भावंडच. पोटाखाली एक छोटी शिडी लोंबत होती.

"डोकं सांभाळा हं, बाई," ब्रुन्स म्हणाला. "बर्लिनचे मोठे साहेबसुद्धा इथून टेंगूळ घेऊनच उतरतात."

बाई हसल्या नाहीत. बॅग खाली ठेवून, स्कर्ट आवरून वर चढल्या. मागोमाग पोट धरत आर्नो चढला.

आत उभं राहायलाही जागा नव्हती. समोर वैमानिक, त्याच्या कुशीला बाँब टाकणारा, खाली एक बंदूकवाला आणि वैमानिकाच्या पाठीला पाठ लावून बिनतारी यंत्र सांभाळणारा. ती शेवटची जागा आर्नोची. नऊ दिवसांपूर्वी एका दिवसापुरती वेंडेलिनची. बाई त्या खुर्चीत बसल्या.

"उलटं तोंड करून बसायचा?"

"हो. मागून कुणी आलं तर दिसायला हवं ना."

त्यांनी हात लांब केला. तो वैमानिकाच्या खुर्चीला सहज लागला. दुसरा हात खाली सोडला, तर बंदूकवाल्याचं डोकं असतं तिथे गेला.

"इतक्या जवळजवळ बसता तुम्ही?"

"कुणी सकाळी कांदा खाल्लाय, तेही कळतं."

"मग एकटा नव्हता तो," बाई म्हणाल्या. पुन्हा एकदा, स्वतःशीच, "एकटा नव्हता."

बुडालेल्या त्या तिघांबरोबर आर्नो सोळा वेळा गेला होता. रात्के वैमानिक घाबरला की शीळ घालायचा, कुठलाही सूर नसलेली. ती शीळ शेवटच्या दिवशी कुणी ऐकली असेल, तर या बाईच्या मुलाने.

बाईंनी काचेतून खाली पाहिलं. ब्रुन्स लांब गेला होता. तरी त्यांनी आवाज उतरवला.

"एक विचारू? कुणाला सांगायचं नाही. त्याची ती पहिलीच फेरी होती ना? मग त्याच्या हातून कुणी… म्हणजे, पोचायच्या आधीच पडलं का विमान?"

इस्पितळातून परतल्यावर आर्नो सर्वांत आधी बिनतारी खोलीत गेला होता. वहीत शेवटचा संदेश होता. वेंडेलिननेच पाठवलेला. सैनिकांनी भरलेल्या जहाजावर नेम बसला, जहाज जळतंय, परत येतोय. शब्दांत एकही चूक नव्हती. नवख्या मुलाच्या मानाने मोर्स पाठवणारा हात फार चांगला, असं तिथला माणूस म्हणालाही होता.

"आधीच पडलं," आर्नो म्हणाला. "जातानाच."

"नक्की?"

"नक्की, बाई. बाँब तसेच होते पोटात."

फ्राउ हॉग यांनी डोळे मिटले. छातीवर क्रूस काढला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

मग उठायला म्हणून त्यांनी आर्नोच्या खांद्याचा आधार घेतला. हात तिथेच राहिला.

"आणि तू? तू किती वेळा गेलास?"

"सोळा."

त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कॉलरशी सुटलेलं त्याचं बटण लावून दिलं.

"आई आहे तुला?"

"आहे."

"तिने विचारलं तर तिलाही असंच सांग. बाँब तसेच होते पोटात म्हणून."

त्या शिडीवरून उतरल्या. बॅग उचलल्याचा आवाज आला. ब्रुन्स त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला, बऱ्याच वेळाने परतला आणि त्याने खालून दोनदा हाक मारली. आर्नो उतरला नाही. चार माणसांच्या त्या जागेत तो गुडघे जवळ घेऊन बसला होता, कुणाला लागू नयेत म्हणून.