व्हरांड्यातली वेणी
तंजावूरच्या शाळेत ॲन्युअल डेला नाचणाऱ्या मुलींच्या वेण्या घालायला पालक हवे होते. शांभवीनं अप्पांचं नाव दिलं. "आईला पाठवा," हेडमिस्ट्रेस तिच्या वडिलांना, सेतुमाधवरावांना म्हणाल्या, "मुलींच्या खोलीत पुरुष नकोत." "बरोबर आहे, मॅडम. पण तिची आई पहाटेच्या बसनं त्रिचीला नव्या कंपनीत जाते. मला उघड्या व्हरांड्यात बसवा." बाईंनी शेजाऱ्यांकडे चौकशी केली, कुठल्याही मुलीला एकटं थांबवायचं नाही हे बजावलं आणि आयाच्या लेकीला समोर बसवून परीक्षा घेतली. रावांनी केस न ओढता वेणी घातली, कनकांबरं माळली. "कुणी शिकवलं?" "मुलीनं. तिचं रडणं थांबेपर्यंत शिकलो." ॲन्युअल डेच्या दिवशी व्हरांड्यात रांग लागली. शेवटी मोकळ्या केसांनी शांभवी आली. "सकाळी घातलेली वेणी कुणी सोडली?" "मीच," म्हणत ती पाठ करून बसली. "मलाही रांगेत उभं राहायचं होतं, अप्पा."